‘सुनावणी’ म्हणजे ‘सुटका’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ग्वांतानामोवर, म्हणजे क्युबातल्या अमेरिकेच्या लष्करी तुरुंगावर, पानभर लेख आहे. विषय निवडल्याबद्दल आभार. पण ‘बूमेदियन निकालाने दहशतवाद्यांना मोकळं रान मिळालं’ हे वाक्य ज्यांनी लिहिलं, त्यांनी निकाल उघडूनही पाहिलेला दिसत नाही. १२ जून २००८ च्या त्या निकालाने एकही माणूस सुटला नाही. पाच विरुद्ध चार मतांनी अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय एवढंच म्हणालं, की अमेरिकेचे नागरिक नसले तरी तिथल्या कैद्यांना हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येईल आणि ती वाट बुजवणारं २००६ च्या मिलिटरी कमिशन्स कायद्याचं सातवं कलम घटनेत बसत नाही. अर्ज आला की सरकारने न्यायाधीशासमोर सांगायचं, या माणसाला कशासाठी धरून ठेवलंय. बस. आणि लेखात चौकट टाकून छापलेलं ‘यामुळे आणखी अमेरिकन मारले जातील’ हे न्यायालयाचं म्हणणं नाहीच. ते न्या. स्कालियांच्या विरोधी मतातलं आहे. हरलेल्या मताला चौकट आणि जिंकलेल्या मताला दीड ओळ, ही मांडणी कुणाची?

‘हे सगळे शत्रुयोद्धेच होते, लष्करी समितीने तपासूनच ठरवलं होतं,’ असंही लेखात आहे. आता ही तपासणी कशी होती ते ऐका. २००४ च्या जूनमध्ये रसूल खटल्यात, म्हणजे या कैद्यांचे अर्ज अमेरिकी न्यायालयांना ऐकता येतात की नाही या वादात, सरकार हरलं आणि नऊच दिवसांत या समित्या काढल्या गेल्या. समोर तीन लष्करी अधिकारी. कैद्याला वकील नाही. त्याच्याऐवजी एक ‘वैयक्तिक प्रतिनिधी’, तोही लष्करी अधिकारीच आणि कैद्याने त्याला सांगितलेलं गुप्त राहील याची हमी नाही. आरोपांचा गोषवारा कैद्याला मिळणार, मूळ गोपनीय कागद नाहीत. साक्षीदार ‘सहज उपलब्ध’ असेल तरच. वर गृहीतक असं, की सरकारी पुरावा खरा आणि अचूक आहे. खोटा असेल तर कैद्याने दाखवून द्यावा. न पाहिलेला कागद खोटा ठरवायचा कसा, ते लेखकमहाशयांनीच सांगावं. ५५८ जणांची अशी तपासणी झाली, त्यातले ५२० शत्रुयोद्धे ठरले.

मुस्तफा ऐत इदिर यांच्या सुनावणीचा तर शब्दन्‌शब्द नोंदलेला आहे. आरोप असा, की बोस्नियात असताना त्यांचा अल कायदाच्या एका माहीत असलेल्या माणसाशी संबंध होता. ते म्हणाले, त्याचं नाव सांगा. समितीचे अध्यक्ष म्हणाले, मला माहीत नाही. मग मी उत्तर काय देऊ, असं ऐत इदिर यांनी विचारलं. नाव कळलं तर ओळखतो की नाही ते सांगता येईल, ओळखत असेन तर तो कोण ते सांगता येईल, हेही त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, तुमच्या जागी मी असतो आणि माझ्या वरिष्ठाने असले आरोप आणून दिले असते तर मी ते त्याच्याच तोंडावर मारले असते, माफ करा. त्यावर खोलीत सगळे हसले, ही नोंदही त्याच कागदात आहे. हसून झालं आणि ऐत इदिर शत्रुयोद्धे ठरले.

ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो, ते बूमेदियन धरून एकूण सहा जण होते, त्यांतले ऐत इदिर एक. सगळे मूळचे अल्जेरियाचे, राहायला बोस्नियात. पकडले अफगाणिस्तानच्या रणांगणावर नव्हे, बोस्नियात, ऑक्टोबर २००१ मध्ये, सारायेव्होतली अमेरिकी वकिलात उडवण्याच्या संशयावरून. बोस्नियाच्या पोलिसांनी तीन महिने तपास केला, हाती काही लागलं नाही, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००२ मध्ये सोडा म्हटलं. सोडलं, ते अमेरिकेच्या ताब्यात! २००८ चा निकाल लागल्यावर सरकारने वकिलातीचा आरोप गुपचूप मागे घेतला. उरलं एवढंच, की हे अफगाणिस्तानात लढायला जाणार होते. त्याला आधार एका गोपनीय कागदातल्या एका निनावी खबऱ्याचा. न्या. रिचर्ड लिऑन यांनी २० नोव्हेंबर २००८ ला पाच जणांना सोडायचा आदेश दिला. हे लिऑन बुश यांनी नेमलेले आणि आधी, २००५ मध्ये, याच सहा जणांचे अर्ज फेटाळणारे. न्यायाधीश तोच आणि माणसंही तीच. फरक एवढाच, की या वेळी पुरावा उलगडून पाहिला.

मोकळ्या रानाचं म्हणाल, तर पुढच्या अपिलांनी तेही आखडून टाकलं. ‘नक्कीच दोषी’ असं सिद्ध करायची गरज सरकारला नव्हतीच. पारडं जरा झुकलं तरी पुरतं आणि ऐकीव पुरावाही चालतो. २०११ मध्ये लतीफ या ग्वांतानामोतल्या येमेनी कैद्याच्या खटल्यात अपील न्यायालयाने आणखी म्हटलं, की सरकारी गुप्त अहवाल व्यवस्थित नोंदला गेलाय असं धरूनच चालायचं. म्हणजे लष्करी समितीचं ते गृहीतक पुसटशा रूपात मागच्या दाराने आत. खालच्या न्यायालयाने लतीफना सोडा म्हटलं होतं. ते २०१२ मध्ये ग्वांतानामोतच वारले. अफगाणिस्तानातल्या बगराम या अमेरिकी तळावरच्या कैद्यांना तर २०१० मध्ये अर्जाचाही हक्क नाकारला गेला, कारण तिथे युद्ध चालू होतं.

लेखकांनी १९५० च्या आयझेनट्रागर निकालाचा हवाला दिलाय, ज्यात परदेशात अमेरिकेच्या कैदेत असलेल्या जर्मनांना हेबिअस कॉर्पस नाकारलं गेलं होतं. त्या २१ जर्मनांवर चीनमध्ये रीतसर आरोपपत्र ठेवून खटला चालला होता, त्यांना वकील होता, उलटतपासणी होती. ग्वांतानामोवाल्यांना यातलं काय मिळालं होतं?

‘आपली उदार घटना असती तर लगेच वकील दिला असता’ हा टोमणाही जमला नाही. आपल्या घटनेचा अनुच्छेद २२(३) वाचा. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं आणि वकील, हे दोन्ही हक्क शत्रुदेशीय माणसाला नाहीत. अनुच्छेद २१ मात्र ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणतो. शिवाय शत्रुदेशीय म्हणजे ज्या देशाशी युद्ध आहे त्या देशाचा. अल्जेरिया किंवा बोस्नियाशी अमेरिकेचं युद्ध कधी होतं?

कुलभूषण जाधव यांच्याबाबतीत हेग न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला दिलेला निकालही फेरविचाराचा होता, सुटकेचा नव्हे. तेव्हा लष्करी न्यायालयाच्या बंद खोलीत काय चालतं, यावर मराठी वाचकांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती.

जाता जाता. लेखासोबत नारिंगी कपड्यांतल्या, तारेच्या कुंपणात गुडघे टेकलेल्या कैद्यांचं छायाचित्र आहे आणि खाली ‘ग्वांतानामो आज’ अशी ओळ. ते छायाचित्र जानेवारी २००२ चं, कॅम्प एक्स-रेचं. तो कॅम्प त्याच एप्रिलमध्ये रिकामा झाला आणि मागे नुसतं रान माजलं. फोटोखालच्या ओळी कोण लिहितं तुमच्याकडे?

आपला,
एक वाचक, पुणे