नाव नाही, गाव नाही, म्हणे दुर्मीळ!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुष्पप्रदर्शनाच्या बातमीसोबत आपण छापलेला 'दुर्मीळ निवडुंगा'चा फोटो पाहिला. झाड देखणं आहे, पण निवडुंग नाही. ती डिकिया. अननसाच्या कुळातली, म्हणजे फळगाड्यावरच्या अननसाची लांबची बहीण. मूळ घर बहुतेक ब्राझीलमधलं, खडकाळ जमिनीतलं. चांदीच्या रंगाची पानं आणि दोन्ही कडांना करवतीचे दाते. दाते आकड्यासारखे वळलेले, त्यामुळे हात आत सहज जातो, बाहेर काढताना सालटं ठेवून यावं लागतं. आमच्या घरात तिला 'करवत'च म्हणतात. आपल्या वार्ताहराला दोष देत नाही. मीही त्या स्टॉलवर गेलो होतो. कुंडीवर चिठ्ठी एवढीच होती : 'रेअर, १८००'.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामासाठी पार्टचे नमुने बनवणारा. नंबर नसलेला पॅटर्न फौंड्रीत कुणी हातात धरत नाही; उद्या तो कुठल्या पार्टचा म्हणून सांगणार? झाडांचा नाद लागला तेव्हा मात्र ही शिस्त मी विसरलो. नावं मार्करने प्लास्टिकच्या पट्टीवर लिहायचो. उन्हाने फिकट व्हायची, चालून जायचं.

मग ऑगस्ट २०१९चा महापूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतलं आमचं परस बुडालं. घरातली माणसं आणि टीव्ही वर नेण्यात वेळ गेला, कुंड्या तशाच राहिल्या. परत आलो तेव्हा मॅमिलेरिया या गोल निवडुंगाला बोट लावलं तर उकडलेल्या बटाट्यासारखं आत गेलं. अॅस्ट्रोफायटम, तेही निवडुंगच, नुसते सालीचे फुगे झाले होते. वीस वर्षांचा संग्रह मी दोन घमेल्यांत भरून बाहेर टाकला. डिकियांच्या पानापानांत गाळ बसलेला. त्याही गेल्या असं धरूनच चाललो होतो, पण बायको जुना दातांचा ब्रश घेऊन बसली आणि एकेक पान धुऊन काढलं. दिवाळीच्या आसपास गाभ्यातून नवी पानं निघाली.

का जगल्या, याचा मी पुढे शोध घेतला. त्यातली डिकिया ब्रेव्हिफोलिया ही बुटक्या, जाड पानांची जात ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात इताजाई नदीच्या पात्रातल्या खडकांवर वाढते. पुरात बुडायचं, पाणी उतरलं की उन्हात तापायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तिचीच एक नातेवाईक, डिकिया डिस्टाकिया, उरुग्वे नदीच्या खोऱ्यात अशीच राहायची. तिथे बार्रा ग्रांदे धरण झालं आणि तिच्या जागा कायमच्या पाण्याखाली गेल्या. पूर उतरतो, धरण उतरत नाही. आता ती जगवायची तर कुठल्या खडकावरचं रोप कुणाकडे आहे, हे आधी कळायला हवं. म्हणून चिठ्ठी.

माझ्या चिठ्ठ्या पंचगंगेने नेल्या. ब्रेव्हिफोलिया तोंडावरून ओळखली, पण चंदेरी पानांच्या सगळ्या एकमेकींसारख्या. बी धरून नावं लावावीत, तर तेही जमत नाही. डिकियांचा आपापसांत संकर फार चटकन होतो. त्यांच्या मुलखात हे काम हमिंगबर्ड करतात, आमच्याकडे केशरी तुरा आला की शिंजीर पक्षी हजर. बियांतून काय निघेल याचा भरवसा नाही. अस्सल हवी तर बुंध्याशी येणारा फुटवाच घ्यावा.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. त्याच स्टॉलच्या कोपऱ्यात खर्चुडीचे, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या रानवनस्पतीचे, कंद होते, तांबडी माती चिकटलेले. विचारलं तर उत्तर आलं, ''काका, डोंगरातलं ओरिजिनल आहे.'' याचा त्याला अभिमान! २०२०मध्ये इटलीत पोलिसांनी चिलीच्या वाळवंटातून उपटून आणलेले हजारावर निवडुंग पकडले, ते वाचून आपण म्हणतो, काय ही माणसं. इथे आपल्याच शिवाजी विद्यापीठाच्या बागेत खर्चुडीच्या जाती जपायला माणसं खपतात आणि गावात ती ट्रेमध्ये विकायला येते.

पुढच्या प्रदर्शनाच्या संयोजकांना एवढीच विनंती : कुंडीवर झाडाचं नाव, मूळ मुलूख आणि ते बियांतून, फुटव्यातून की रानातून आलं, हे लिहिल्याशिवाय टेबल देऊ नका. बक्षीस तर नाहीच. संकरित असेल तर 'संकरित' लिहा, त्यात कमीपणा कसला? थायलंडहून येणाऱ्या संकरित डिकिया मूळ जातींपेक्षा सुंदर दिसतात, हे मीही कबूल करतो.

मी आता अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून त्यावर अक्षरी पंचाने नावं ठोकतो. अकरा कुंड्यांवर मात्र नुसतं प्रश्नचिन्ह आहे. २०१९च्या आधी माझ्याकडून कुणी फुटवे नेले असतील आणि सोबतची चिठ्ठी शाबूत असेल, तर ती बघायला मिळावी. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. चिठ्ठीमागे दोन फुटवे देईन. हातमोजे ज्याचे त्याने आणावेत.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
शाहूपुरी, कोल्हापूर