सभासदांसाठी सूचना : विसरभोळेपणा की अल्झायमर?

नमस्कार. २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त घरोघरी एक विनंती.

चष्मा कुठे ठेवला हे आपण सगळेच विसरतो. पण जेवण झाल्यावर अर्ध्या तासात "मला कुणी वाढलंच नाही" म्हणणं, हातखंडा असलेल्या पुरणपोळीत पुढे काय करायचं ते न सुचणं, रोजच्या मंडईतून येताना वाट चुकणं, हे वाढत चाललं असेल तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. शाळेतले किस्से तपशीलवार सांगतात यावरही जाऊ नका. अल्झायमर या मेंदूच्या आजारात आधी ताज्या आठवणी जातात.

डॉक्टरांकडे पेशंटला घेऊन घरात सोबत राहणाऱ्यानेच जावं. बदल कधीपासून झाला हे तोच सांगू शकतो. पेशंट बहुतेकदा "मला काही झालेलं नाही" म्हणतो. चालू गोळ्यांची पिशवी न्या, कारण काही झोपेच्या गोळ्यांनीही विसर पडतो. बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा त्रास, नैराश्य हीसुद्धा कारणं असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत, म्हणून रक्त तपासतात, मेंदूचा स्कॅन करतात. घड्याळाचं चित्र काढायला सांगतील. तो पोरखेळ नाही, तपासणीच आहे. तिथे शेजारून उत्तरं पुरवू नका!

दोन दिवसांत एकाएकी गोंधळ उडाला तर मात्र संसर्ग, सोडियम कमी होणं असं काही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

– कार्यकारिणी