न्यायालयाने मागितले तर कंपनी काय देईल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संदेशांच्या अ‍ॅपविषयी आपल्याकडे चर्चा निघाली की ती बहुधा ‘एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे मजकुराचे सांकेतिक रूप) आहे की नाही’ एवढ्यावरच थांबते. गोपनीयतेचा दावा जोखायचा असेल, तर उद्या न्यायालयाने माझी माहिती मागितल्यास कंपनीकडे देण्यासारखे काय असेल, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

सिग्नल या संदेशांच्या अ‍ॅपची ही परीक्षा 2016 मध्ये प्रत्यक्षच झाली. अमेरिकेतील व्हर्जिनियातून ग्रँड ज्युरीचे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे) समन्स आले, तेव्हा अ‍ॅप चालवणाऱ्यांना संबंधित खात्याविषयी दोनच गोष्टी सांगता आल्या: खाते कधी उघडले आणि ते सर्व्हरला शेवटचे कधी जोडले गेले. संपर्क, गट, संदेश यांपैकी काहीच त्यांच्याकडे साठवलेले नव्हते.

व्हॉट्सअ‍ॅपने त्याच वर्षी सिग्नलचीच पद्धत सर्वत्र लागू केली, त्यामुळे मजकूर आम्हाला वाचता येत नाही हा त्यांचा दावा मला खोटा वाटत नाही. मात्र कोण कोणाशी आणि केव्हा बोलले, हा तपशील त्या संरक्षणाबाहेर राहतो. शिवाय गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप एन्क्रिप्ट करण्याची सोय 2021 मध्ये आली, तीही आपण होऊन सुरू करावी लागते. सेटिंग्जमधील ‘चॅट बॅकअप’पर्यंत जाऊन ती सुरू करणारे माझ्या ओळखीत तरी फार नाहीत. आणि आपण केली, तरी समोरच्याने केली आहे का, हे आपल्याला कळत नाही. 2020 मध्ये मुंबईतील सिनेकलावंतांचे चॅट वृत्तवाहिन्यांवर झळकले, तेव्हा एन्क्रिप्शन फुटल्याची हाकाटी झाली. पण फोनच तपास यंत्रणेच्या ताब्यात असेल, तर ते फोडण्याची गरजच उरत नाही.

टेलिग्रामचा लौकिक तर मला अनाठायीच वाटतो. तेथील नेहमीच्या संवादांना आणि गटांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे कंपनीलाही मजकूर वाचता येणार नाही असे संरक्षण, नसते. त्यासाठी समोरच्याच्या प्रोफाइलमधील मेनूतून ‘सीक्रेट चॅट’ वेगळे उघडावे लागते आणि गटांसाठी तीही सोय नाही. ऑगस्ट 2024 मध्ये टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली. त्यानंतर महिन्याभरातच, वैध कायदेशीर आदेश आल्यास नियम मोडणाऱ्यांचे फोन क्रमांक आणि आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) देऊ, असे कंपनीने जाहीर केले. म्हणजे द्यायला काहीतरी होतेच.

2025 मध्ये ‘स्वदेशी’ म्हणून अरट्टाई या भारतीय संदेश अ‍ॅपचा बोलबाला झाला, तेव्हा त्यातील कॉलना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन होते, लेखी संदेशांना नव्हते. बातम्यांचा भर मात्र डाउनलोडच्या आकड्यांवर होता. यापुढे नव्या अ‍ॅपची बातमी देताना किल्ली कोणाकडे असते, सर्व्हरवर काय आणि किती काळ राहते आणि बाहेरच्या तज्ज्ञांना त्याचा कोड तपासता येतो का, एवढे तरी आपल्या प्रतिनिधींनी कंपनीला विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे