तिसरी खिडकी दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

क्लेअरमधल्या या दगडी घरात आमच्याआधी कोण नांदलं, ते तुमच्यामुळे कळलं. आभार मराठीत, चारचौघांत मानतेय, कारण आयर्लंडच्या खेड्यात जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींनाही तुमची पद्धत कळायला हवी.

आधी पैसे मोजून ज्यांना घराचा इतिहास शोधायचं काम दिलं, त्यांनी १९०१च्या जनगणनेतला घर क्रमांक उचलला आणि १९११मध्ये त्याच क्रमांकावरचं कुटुंब आमच्या घरात बसवून टाकलं. तो क्रमांक म्हणजे गणकाने कागदावर घातलेला अनुक्रम. नकाशाशी त्याचा संबंध नाही, पुढच्या गणनेत तो बदलतो. विचारलं तर उत्तरसुद्धा नाही!

तुम्ही ग्रिफिथच्या मूल्यांकनापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकात कर बसवण्यासाठी केलेल्या आयर्लंडच्या जमीन-घरांच्या नोंदीपासून निघालात, कारण त्यातला क्रमांक नकाशावर सापडतो. पुढे त्याच मूल्यांकनाच्या दुरुस्तीच्या वह्या, अगदी आपल्या फेरफार नोंदींसारख्या: जुनं नाव खोडून नवं, शाई वेगळ्या रंगाची, बाजूला साल. १८६१ ते १८९१च्या जनगणना नष्ट झाल्यामुळे मधला काळ याच वह्यांवर काढावा लागतो.

मग बी-१, म्हणजे जनगणनेतला घराला गुण देणारा फॉर्म. दगडी भिंतीला १, मातीच्या भिंतीला ०. स्लेटच्या छपराला १, गवताच्या छपराला ०. शिवाय खोल्या, आणि फक्त दर्शनी बाजूच्या खिडक्या. फॉर्मवर खिडक्या ३, आमच्या घराला २. घोडं इथेच अडलं होतं.

तुम्ही चिखलाचे बूट दाराबाहेर काढलेत, आत आलात आणि काही न बोलता माझा हात धरून गिलाव्यातल्या उभ्या भेगेवर ठेवलात. मग दोन हातांवरच्या दुसऱ्या भेगेवर. मधले दगड मागाहून भरलेले, जुन्या भिंतीत गुंतवलेले नाहीत. म्हणून गिलावा नेमका सांध्यावर तडकतो. तिसरी खिडकी! नुसतं सांगूनही भागलं असतं. पण तुम्ही ती मला माझ्या हाताने सापडू दिलीत, आणि ते आठवलं की अजून भरून येतं. परक्या मुलखातून आलेल्यांसाठी पावसात टेकडी चढून यायचं आणि चहापलीकडे काही घ्यायचं नाही, अशा माणसांच्या जिवावरच गावाचा इतिहास तगतो.

भेगा सिमेंटने बुजवल्या तर ओल आत कोंडते, हे तुम्ही बजावलंत. चुना आणून ठेवलाय. खिडकी पुन्हा उघडायची म्हणतोय. भर काढण्याआधी वरची लिंटल, म्हणजे भार पेलणारी आडवी पट्टी, शाबूत आहे का, तेवढं बघायला याल?

तुमची कृतज्ञ,
टेकडीवरची शेजारीण