क्लचची जाण देणाऱ्या काकांस आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

एस.टी.च्या चालकपदावरून निवृत्त झाल्यावर आपण आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांना एक पैसाही न घेता गाडी शिकवली. त्यांपैकी एक या नात्याने हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

‘क्लच हळू सोड’ असे सगळेच सांगतात. हळू म्हणजे नेमके कसे, हे मात्र आपण गाडी सुरू करण्याआधी स्वयंपाकघरातल्या दोन ताटल्या समोरासमोर धरून दाखवलेत. एक इंजिनाबरोबर फिरणारी, दुसरी गिअरबॉक्सकडची. पेडल दाबले की त्या सुटतात, सोडू लागले की आधी एकमेकींवर घासतात आणि मगच घट्ट बसतात. त्या घासण्याच्या क्षणी पाय थांबला पाहिजे, हे त्यामुळे मनात पक्के बसले. पुढे सपाट मैदानावर अ‍ॅक्सिलरेटरला पायही न लावता, टाच जमिनीवर टेकवून क्लच सोडायला लावलात. इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलते, ती जागा पायाला कळेपर्यंत आपण दुसरे काही शिकवले नाही. ही पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते.

गिअरची दांडी मुठीत आवळू नये, तळहाताने न्यावी; खालचा गिअर टाकताना क्लच सोडण्यापूर्वी अ‍ॅक्सिलरेटर किंचित द्यावा, म्हणजे इंजिनाचा वेग चाकांशी जुळतो आणि गचका बसत नाही, हेही आपलेच शिकवणे.

कासला फुले आली की सुट्टीच्या दिवशी यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते. अशा चढावर अनेक जण हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी तोलून धरतात, क्लचप्लेट तापते आणि जळका वास सुटतो. आपण सांगितल्याप्रमाणे मी हँडब्रेक ओढून थांबते, क्लच धरू लागला की हँडब्रेक सोडते, आणि गाडी तसूभरही मागे जात नाही. उतरताना गाडी न्यूट्रल न करता दुसऱ्या गिअरमध्ये ठेवते. वेग इंजिनच आवरते, त्यामुळे ब्रेक तापत नाहीत. वळणांना घाबरणारी माझी आई आता शेजारी निर्धास्त बसते, याचे श्रेय आपले आहे.

धाकट्या बहिणीचे शिकाऊ लायसन्स नुकतेच आले आहे. आपली प्रकृती साथ देत असेल, तर तिलाही आपल्याच हाताखाली शिकू द्यावे, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
सातारा