वेबसाइटचा फिल्टर कोण धुणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत डिसूझा आडनावाचं एक कुटुंब आमच्या ओळखीचं आहे. त्यांच्या मुलीचा पदवीच्या पहिल्या वर्षाचा अर्ज मी जूनमध्ये भरून दिला. इंग्रजीत हे आडनाव लिहिताना ‘डी’नंतर वरच्या बाजूला एक शेपटी येते. ती टाकून ‘सबमिट’ दाबलं, तर पडद्यावर डेटाबेसची, म्हणजे साइटच्या माहितीच्या साठ्याची, एरर आली, खाली टेबलचं (आतल्या तक्त्याचं) नावसुद्धा. शेपटी काढली आणि अर्ज मुकाट्याने गेला. आता मार्कशीटवर एक स्पेलिंग, प्रवेशपत्रावर दुसरं, आणि दुरुस्तीसाठी पोरीचे खेटे चालू. माझा धंदा वेबसाइट बनवण्याचा आणि बिघडलेल्या दुरुस्त करण्याचा. मला स्पेलिंगपेक्षा त्या एररचीच जास्त धास्ती वाटली.

कारण ती शेपटी म्हणजे डेटाबेसच्या भाषेत ‘मजकूर इथे संपला’ ही खूण. तिच्यापुढे लिहिलेलं तो हुकूम म्हणून वाचू लागतो. आडतीच्या दुकानात एक चिठ्ठी असते असं समजा : ‘यास … पोती द्यावीत.’ रिकामी जागा गिऱ्हाइकानेच भरायची आणि चिठ्ठी गोदामात न्यायची. एखाद्या बेरक्याने त्या जागेत लिहिलं, ‘दोन पोती द्यावीत, सोबत खतावणीची वही द्यावी, आणि उरलेली…’ तर गोदामातला माणूस काय करणार? अक्षर कोणाचं हे तो बघत नाही, चिठ्ठीत लिहिलं ते देतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. वेबसाइटची वही म्हणजे तिचा डेटाबेस. त्यात विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर, जन्मतारखा आणि अ‍ॅडमिनच्या पासवर्डचे हॅशही (पासवर्डची सांकेतिक रूपं) असतात. उपाय अवघड नाही. हुकूम आधी पक्का करायचा आणि गिऱ्हाइकाने दिलेलं ते केवळ आकडा किंवा नाव म्हणून वेगळं पाठवायचं. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘प्रिपेअर’ नावाची सोय कित्येक वर्षांपासून आहे. दोषही नवा नाही, १९९८ पासून जगजाहीर आहे. आपल्याकडे तो लवकर दिसत नाही, इतकंच. पाटील, चौधरी, महाजन, तडवी, पावरा, कोणाच्याच आडनावाला शेपटी नाही!

मूळ वर्डप्रेस किंवा त्याच्यासारखंच जूमला यांवर हजारो जणांची नजर असते. घोळ बहुतेक वेळा वरून बसवलेल्या प्लगइनमध्ये, म्हणजे एकेका कामासाठीच्या जोडसॉफ्टवेअरमध्ये, निघतो : निकाल, फोटो गॅलरी, अर्ज, देणगी. त्यातली काही कुठल्या तरी एकट्या माणसाने हौसेने लिहिलेली आणि मग वाऱ्यावर सोडलेली. मोठी नावंही सुटलेली नाहीत. ‘लॉगिनायझर’ हे लॉगिनच्या सुरक्षेसाठीच बनवलेलं प्लगइन, दहा लाखांहून जास्त साइटवर. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्यातच हा दोष सापडला आणि वर्डप्रेसने साइटमालकांना न विचारता सुधारित आवृत्ती परस्पर बसवली. मार्च २०२४ मध्ये सरकती चित्रं दाखवणाऱ्या ‘लेअरस्लायडर’चा नंबर लागला. तिथे तर लॉगिन न करताही डेटा काढता येत होता. हे प्लगइन पुष्कळदा विकतच्या थीमसोबत (साइटच्या तयार सजावटीसोबत) येतं, त्याचं लायसन्स आपल्या नावावर नसतं, मग अपडेट आपोआप येत नाही आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एरवी विकत घ्यावी लागणारी, पण कुठून तरी फुकटात मिळालेली जी ‘प्रो’ प्लगइन असतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. तसली मी साइट हातात घेतल्या घेतल्या आधी उडवतो.

आता पैशांचं. रावेर-यावल पट्ट्यातला केळीवाला ठिबक बसवतो, तेव्हा सँड फिल्टर धुवावा लागणार, लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) टोकं उघडून गाळ सोडावा लागणार, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. तीच माणसं संस्थेच्या संचालक मंडळात बसली, की वेबसाइटच्या कोटेशनमधली वार्षिक देखभालीची ओळ पहिली खोडतात. उद्घाटनाला हार-नारळ असतो, दुसऱ्या वर्षापासून डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पैसेसुद्धा आठवण करून मागावे लागतात. आम्ही बनवणारेही काही कमी नाही. काम मिळावं म्हणून ती ओळ आम्हीच मुकाट्याने गाळतो. मीही गाळली आहे.

माहिती गेली तर जबाबदारी संस्थेची. सायबर घटना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवावी, असे निर्देश एप्रिल २०२२ मध्येच निघाले आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीला अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या किती संस्थाचालकांनी हे वाचलं असेल? आपल्या अंकात यावर सविस्तर लेख यावा, आणि निदान प्रवेशाच्या हंगामाआधी तरी प्रत्येक संस्थेने तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या साइटवर कोणती प्लगइन आहेत, शेवटचं अपडेट कधी झालं, आणि वापरात नसलेली अजून का ठेवली आहेत.

त्या महाविद्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण भोक अजून उघडं आहे. मी लेखी कळवलं तेव्हा कार्यालयातले भाऊ म्हणाले, ‘साइट चालू शे ना भाऊ, मंग?’ पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला, आता एरर दिसत नाही म्हणून. जाऊन बघितलं. एरर दाखवणं तेवढं बंद केलं आहे, शेपटी टाकली की पान आता नुसतं कोरं येतं. एरर न बघताही, हो की नाही असे प्रश्न विचारत एकेक अक्षर करून अख्खं टेबल वाचता येतं, हे त्यांना फोनवर समजावत होतो. तेवढ्यात त्यांची जेवणाची सुट्टी झाली.

आपला,
वेबसाइट दुरुस्त करणारा एक वाचक, भुसावळ