प्रॅक्टिकलला गुणाकारही तपासा

संपादक महोदय,

मोबाइलचे सिक्युरिटी अपडेट टाळू नका, असे आपल्या अंकात वाचले. सल्ला रास्तच. पण त्या अपडेटमध्ये नेमके काय दुरुस्त होते, हे आमच्याकडच्या इंजिनीअरिंगच्या पोरांनाही सांगता येत नाही. मी चोपड्याला सी प्रोग्रामिंगचा क्लास घेतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असते. अ‍ॅप त्याला सांगते, माझ्या मेमरीतून इतके रेकॉर्ड उचल. कर्नल त्या संख्येला एका रेकॉर्डच्या आकाराने गुणते, तेवढी जागा घेते आणि कॉपी करते. समजा संख्या आली 26,84,35,457 आणि रेकॉर्ड आहे 16 बाइटचे. गुणाकार 4,29,49,67,312. पण 32 बिटांत 4,29,49,67,295 च्या पुढे मावतच नाही. मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि हाती उरतात 16. जागा घेतली 16 बाइट, आणि लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) मात्र सव्वीस कोटींवर रेकॉर्ड शेजारच्या मेमरीवर ओतत सुटते. अशीच भोके अपडेट बुजवते. मशीन 64 बिटी असले तरी दोन्ही व्हेरिएबल 32 बिटी असतील तर गत तीच.

पोरे आधी गुणतात, मग उत्तर मर्यादेबाहेर गेले का ते बघतात. उत्तर तर 16! खरे म्हणजे मर्यादेला आकाराने भागून, संख्या त्याहून मोठी आहे का, हे गुणण्याआधीच बघायचे. लिनक्समध्ये त्यासाठी केमॅलॉक_अ‍ॅरे (kmalloc_array), चेक_मल_ओव्हरफ्लो (check_mul_overflow) ही साधने तयार आहेत. सावद्याला केळीचा ट्रक काट्यावर घेतल्याशिवाय कोणी चिठ्ठीवरचे वजन मानतो का?

जाणकारांच्या हातूनही हे सुटते. जानेवारी 2022 मध्ये उघड झालेली लिनक्स कर्नलमधली त्रुटी सीव्हीई-2022-0185 बघा (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींचा नोंदणी क्रमांक). 4096 बाइटच्या जागेतून 2 आणि आधी भरलेली लांबी वजा करून शिल्लक जागा काढली जाई. लांबी 4095 झाली की उत्तर उणे 1. पण हे उत्तर ज्या डेटाटाइपमध्ये (संख्येच्या प्रकारात) निघते त्याला उणे ठाऊकच नाही, म्हणून शिल्लक अवाढव्य दिसे. साध्या युजरला त्यातून रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होता येत होते. दुरुस्ती काय, तर वजाबाकीऐवजी बेरीज: भरलेली लांबी, नवी लांबी आणि 2 मिळून 4096 च्या वर जातात का, एवढेच.

प्रॅक्टिकलला 5 आणि 10 टाकून प्रोग्राम चालला की मार्क मिळतात. परीक्षकांनी यंदा 26,84,35,457 टाकून बघावे.

– एक क्लासचालक, चोपडा (जि. जळगाव)